निवृत्तिनाथांचा शोक : नामदेवांच्या समाधी-अभंगांचे एक वाचन

मरणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. आईवाचून पोरके झालेले मूल, पुत्रशोकाने खचलेला पिता, अकाली वैधव्य आलेली स्त्री यांची चित्रे आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. भाऊ गेल्यावर मागे राहिलेल्या भावाचे काय होते, बहिणीचे काय होते, याविषयी मात्र आमचे साहित्य फारसे बोलत नाही. जी थोडी रचना या विषयावर आहे, तिच्यात संत नामदेवांच्या समाधीच्या अभंगांना अग्रस्थान द्यावे लागेल. ज्ञानदेवांचे चरित्र नामदेवांनी ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ अशा तीन प्रकरणांत गायिले. त्यांपैकी तिसरे प्रकरण ज्ञानदेवांच्या गौरवासाठी वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हेच प्रकरण थोरल्या भावाच्या शोकाची कथा म्हणूनही वाचता येते. प्रस्तुत लेखात तसे वाचन करण्याचा आमचा मानस आहे.

ख्रिस्ती त्रैमासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर भूगोलाचे आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे आमच्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला येणारी कितीतरी कुटुंबे नेवासे तालुक्यातील असतात. दुसरे उत्तर भाषेचे आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. प्रभूची कथा सांगण्यासाठी त्यांनी जो ओवीछंद घेतला, तो ज्ञानदेवांनी मराठीत रुजविलेलाच होय. या घराशी आमचे नाते असे जुने आहे. तिसरे आणि खरे उत्तर आमच्या धर्मग्रामांतील घरांत आहे. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

प्रथम कथा पाहू. परंपरेप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ चा, ज्ञानदेवांचा ११९७ चा, सोपानदेवांचा ११९९ चा आणि मुक्ताबाईचा १२०१ चा. या शकांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि समाधीच्या अभंगांपैकी नामदेवांचे कोणते व मागाहून आलेले कोणते, याचीही चर्चा झालेली आहे. आमच्यापुढे जी रचना आज आहे, तीच आम्ही विचारात घेत आहोत. संन्याशाची मुले म्हणून समाजाने या चौघांना दूर लोटले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि ही मुले एकमेकांच्या आधाराने वाढली. निवृत्तिनाथ केवळ थोरले भाऊ राहिले नाहीत. ते ज्ञानदेवांचे गुरूही झाले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशात त्यांच्यासमोर ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्या खांबाशी बसून ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले, असे मानले जाते, तो खांब आजही तेथे आहे. दुर्गाबाई भागवतांनी त्याच्यावर लिहिलेला ‘पैस’ हा लेख आमच्या अनेक वाचकांनी वाचलेला असेल.

या निरूपणातील दुसरा अध्याय आमच्या विषयाला भिडणारा आहे. रणांगणावर आपले भाऊबंद पाहून अर्जुन गळून जातो. ज्ञानी माणूस गेलेल्यांचा शोक करीत नाही, जिवंतांचाही करीत नाही, असे श्रीकृष्ण त्याला सांगतात. हा विचार मराठीत उलगडत असता समोर निवृत्तिनाथ ऐकत होते. त्यांच्याच कृपेने हे बोल निघत आहेत, असे वक्ता पुनःपुन्हा सांगत होता. यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली. शोक करू नये, हे तत्त्व ज्यांनी शिष्याच्या मुखाने वदविले, त्यांची त्या दिवशी काय अवस्था झाली, हे नामदेव सांगतात. आणि ते काहीही लपवीत नाहीत.

निवृत्तिनाथांच्या मुखी नामदेवांनी घातलेला विलाप आम्हांस या प्रकरणाचा गाभा वाटतो. त्यातील प्रतिमा पाहाव्यात. बांध घालून अडविलेल्या तळ्याला भगदाड पडते आणि पाणी वाट फुटेल तिकडे धावू लागते. पेंढीचा बंध सैल होतो आणि गवताची काडी न् काडी रानभर होते. हरिणी नाहीशी झालेली जागा ओसाड पडते आणि पाडसे दिशाहीन भटकतात. वेदान्ताचा एकही शब्द येथे नाही. ब्रह्म, माया, आत्मा यांचा अधिकारी असा हा गुरू बोलतो ते शेतकऱ्याचे आणि गुराख्याचे बोल आहेत. आमच्या कोरडवाहू जिल्ह्यातील वाचकाला पाझर तलाव फुटणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. वर्षभराची तरतूद एका रात्रीत वाहून जाते. पेंढीचा दृष्टान्तही तसाच नेमका आहे. बंध सुटला म्हणजे एक काडी कमी होत नाही. सगळी पेंढीच पेंढी म्हणून उरत नाही. चौघांतील एक गेला म्हणजे तिघे उरतात, हा हिशेब शाळेच्या पाटीवरचा. घरात तसे घडत नाही. कोणी कोणाच्या खोड्या काढाव्या, कोणी रुसावे, कोणी समजूत घालावी, ही सारी वाटणीच मोडते आणि उरलेली भावंडे एकमेकांना काही दिवस अनोळखी वाटू लागतात. नामदेवांनी हे एका दृष्टान्तात सांगून टाकले आहे.

याच अभंगात निवृत्तिनाथ आणखी एक गोष्ट बोलून जातात. आईबाप सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, अशा आशयाची ती कबुली आहे. वरवर पाहता हे बोल कठोर वाटतील. मातापित्यांहून भाऊ अधिक, असे म्हणणे आमच्या संस्कारांत बसत नाही. पण थोडे थांबून पाहिले तर यात तुलना नाही, एक साधे सत्य आहे. आईवडील गेले तेव्हा चौघे एकत्र होते. ते दुःख वाटून घेण्यासाठी तीन जण जवळ होते. आता जो गेला तो त्या वाटणीतलाच एक होता. आईच्या हातची चव, बापाचा आवाज, लहानपणचे उपासमारीचे दिवस हे ज्याला न सांगता ठाऊक होते, तो साक्षीदारच गेला. भावंडाच्या मृत्यूने आईवडील दुसऱ्यांदा जातात, असे म्हटले तरी चालेल. आमच्या भाषेने धाकट्या भावंडाला ‘पाठचा’, ‘पाठची’ असे म्हटले आहे. पाठचा भाऊ गेला म्हणजे पाठ उघडी पडते. या अवस्थेला विधवा, विधुर, पोरका यांसारखे वेगळे नाव मात्र मराठीने दिलेले नाही.

समाधीचा प्रत्यक्ष प्रसंग नामदेवांनी मोठ्या संयमाने रंगविला आहे. जागा झाडण्याचे काम नामदेवांच्या मुलांनी केले, असे अभंग सांगतो. ज्ञानदेवांचा एक हात देवाने धरला आहे आणि दुसरा निवृत्तिनाथांनी. असे दोघे त्यांना आसनापर्यंत घेऊन जातात. मग निवृत्तिनाथ देवासह बाहेर येतात आणि समाधीच्या तोंडावर शिळा बसवितात. येथे नामदेवांची कवी म्हणून थोरवी दिसते. देव शेजारी उभा असूनही शिळा लावण्याचे काम थोरल्या भावाच्याच वाट्याला येते. ज्या हातांनी लहानपणी चालविले त्याच हातांनी दार बंद करायचे. दुःख व्यक्त करायला त्या क्षणी त्याला सवड नाही. कारण करणारा तोच आहे.

हा थोरला भाऊ आम्ही आमच्या धर्मग्रामांत वारंवार पाहतो. महामार्गावर मोटारसायकल घसरून, विहिरीच्या कामावर दरड कोसळून, किंवा रात्री छातीत कळ येऊन तरणाताठा माणूस जातो. पंचनाम्याच्या कागदावर सही भाऊ करतो. शवविच्छेदनगृहाबाहेर बाकड्यावर रात्र काढणारा तो. शवपेटी सांगणारा, कबर खणणाऱ्या मुलांना चहा पाठविणारा, मुंबई-पुण्याच्या नातलगांना फोन करणारा, मिस्सेची वेळ विचारायला आमच्या दाराशी येणारा तोच. येणारे लोक आईच्या गळ्यात पडतात, विधवेजवळ बसतात, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवितात. हे सारे करावयासच हवे. भावाला मात्र त्यांचे एकच सांगणे असते : आता तूच धीर धर, तुलाच सारे पाहायचे आहे. सासरी असलेल्या बहिणीची गोष्ट याहून अवघड. चौथ्या दिवशी तिने परत जावे, अशी अपेक्षा असते. तेथे गेल्यावर रडायला जागा नसते. तिचा भाऊ गेला, हे त्या घराच्या दृष्टीने व्याह्यांकडचे दुःख असते.

नामदेवांचे मोठेपण असे की, त्यांची दृष्टी या धीर देणाऱ्याकडे गेली. विलापाचा अभंग संपताना ते देवाला विनवितात की, येथे आग भडकली आहे, निवृत्तीचे समाधान करा. सर्वांचे समाधान ज्याने करायचे, त्याचे समाधान कोणी करायचे? हा प्रश्न नामदेवांनी गुरूच्या बाबतीत विचारण्याचे धाडस केले. ते स्वतः ज्ञानदेवांचे जिवलग. त्यांचे स्वतःचे दुःख काय थोडे होते? तरी त्यांनी आपली विनवणी दुसऱ्यासाठी खर्च केली. मित्राने भावाच्या दुःखाची वकिली करावी, असे हे दुर्मिळ दृश्य आहे.

निवृत्तिनाथांसारख्या ज्ञान्याचा शोक खरा नव्हता, लोकांना शिकविण्यासाठी ती लीला होती, असे निरूपण कधी कधी ऐकावयास मिळते. आम्हांस ते पटत नाही. तसे मानले तर या अभंगांतील तळे, पेंढी आणि पाडसे ही केवळ सजावट ठरते, आणि नामदेवांची विनवणी निरर्थक होते. कृत्रिम शोकाचे समाधान कोण मागतो? उलट, ज्ञान असूनही हृदय फुटते, आणि हृदय फुटल्याने ज्ञान खोटे ठरत नाही, ही या रचनेची शिकवण आहे असे आम्हांस वाटते.

येथे ख्रिस्ती वाचकाला बेथानी आठवल्यावाचून राहणार नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात लाजरस मरण पावतो आणि मागे दोन बहिणी उरतात. मार्था उठून प्रभूला सामोरी जाते. मरिया घरात बसून राहते. एका घरातली, एकाच भावाची दोन दुःखे अशी निरनिराळी असतात. तरीही दोघी प्रभूला भेटतात तेव्हा एकच गाऱ्हाणे करतात : तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ गेला नसता. दोघींनी चार दिवस हेच एकमेकींना म्हटले असले पाहिजे. प्रभू या गाऱ्हाण्याबद्दल कोणालाही रागावत नाही. मार्थेला तो पुनरुत्थानाचे वचन देतो. मरियेजवळ मात्र तो काही शिकवीत नाही. तिचे रडणे पाहून त्याच्याही डोळ्यांतून पाणी येते. थोड्याच वेळात आपण लाजरसला हाक मारणार, हे ज्याला ठाऊक आहे, तो रडतो. या अश्रूंना लीला म्हणण्यास आमची श्रद्धा धजत नाही. मग निवृत्तिनाथांच्या अश्रूंना तरी तसे का म्हणावे?

दोन्ही कथांत शिळा आहे. आळंदीत भाऊ ती लावतो. बेथानीत बहिणीच्या डोळ्यांदेखत ती दूर होते. आमची आशा दुसऱ्या शिळेत आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. परंतु दुसऱ्या शिळेपाशी पोहोचण्याआधी पहिलीपाशी उभे राहावे लागते. संत पौलाने थेस्सलनीकरांना लिहिले तेही नीट वाचले पाहिजे. आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नका, असे त्याचे सांगणे आहे. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही.

ज्ञानदेवांचा निरोप तरी ठरलेला होता. तिथी ठाऊक होती, संतमंडळी जमली होती, हात हातात घेता आले होते. त्यापुढचे आघात वेगाने आले. महिनाभरातच सासवडला सोपानदेव गेले. मग शके १२१९ च्या वैशाखात, तापीकाठी मेहूण येथे वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशी झाली. आळंदीचे वर्णन नामदेवांनी विस्ताराने केले. त्या मानाने हे वर्णन आटोपते आहे. आम्हांस यात कवीची असमर्थता दिसत नाही. अकस्मात मरणाला कथा नसते. आधीचे बोलणे नाही, शेवटची भेट नाही, क्षमा मागणे नाही. एक लखलखाट आणि रिकामी जागा. २०२० आणि २०२१ च्या साथीत ज्यांनी आपल्या भावाबहिणीला रुग्णालयाच्या दारात सोडले आणि नंतर मुखदर्शनही घेऊ शकले नाहीत, त्यांना हे ठाऊक आहे.

मुक्ताबाई जाण्याने निवृत्तिनाथांचे काय गेले, हे समजण्यासाठी तिचे ताटीचे अभंग आठवावेत. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीचे दार लावून बसले, तेव्हा सर्वांत धाकटी ही बहीण बाहेरून त्यांना समजावीत राहिली, असा त्या रचनेचा प्रसंग आहे. बंद दार उघडविणारी त्या घरात तीच होती. ती गेली तेव्हा निवृत्तिनाथांच्या दाराशी उभे राहून हाक मारणारे भावंडांपैकी कोणीही उरले नाही.

आमच्या ख्रिस्तसभेच्या आचार्यांनीही हा शोक भोगला आणि लिहूनही ठेवला. चौथ्या शतकात मिलानचे महागुरुस्वामी संत अंब्रोज यांचा भाऊ सातिरस आफ्रिकेच्या प्रवासाहून, वाटेत जहाज फुटूनही, परत आला आणि थोड्याच काळात मरण पावला. अंब्रोज यांनी त्याच्यासाठी दोन प्रवचने केली. पहिले अंत्यविधीच्या वेळी, ते भावाच्या आठवणींनी भरलेले. पुनरुत्थानावरील दुसरे त्यांनी सात दिवसांनी कबरेपाशी केले. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो : आधी विलाप, मग शिकवण. ११३८ साली क्लेर्वोच्या मठात संत बर्नार्ड यांचा सख्खा भाऊ आणि सहमठवासी जेरार्ड वारला. बर्नार्ड यांनी कोरड्या डोळ्यांनी सारे विधी स्वतः केले, माती स्वतःच्या हातांनी टाकली. पुढे गीतरत्नावरील सव्विसावे प्रवचन चालू असता त्यांचा बांध फुटला. ग्रंथाचा अर्थ सांगणे थांबवून ते भावासाठी रडले, आणि ते रडणे प्रवचनाच्या संहितेत तसेच राहिले. निवृत्तिनाथांचे तळे आणि बर्नार्ड यांचा बांध यांत आठ शतकांनंतरही अंतर वाटत नाही.

नामदेवांच्या रचनेत एका बाबतीत मात्र वाचकाने सावध राहावे असे आम्ही सुचवितो. मुक्ताबाईनंतर महिनाभरात, ज्येष्ठात, निवृत्तिनाथांनीही त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली, आणि आठ महिन्यांच्या आत चारही भावंडांची कथा संपली. हे प्रस्थान योगमार्गाची पूर्तता म्हणून सांगितले गेले आहे. दुःखाच्या अंताचा मार्ग म्हणून ते वाचणे चुकीचे होईल. भाऊ गेला, आता मीही जाईन, असे शब्द कोणाच्या तोंडून आले तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नयेत. त्याला एकटे ठेवू नये, शांतपणे विचारावे, वैद्यकीय मदत घ्यावी. बर्नार्ड जेरार्डनंतर पंधरा वर्षे जगले आणि काम करीत राहिले. शोक सोबत घेऊन जगता येते, याचे ते साक्षीदार आहेत.

साहित्याने संसाराला काही शिकवावे असा हट्ट धरू नये, हे आम्ही जाणतो. पण नामदेवांच्या या अभंगांपासून आमची धर्मग्रामे काही गोष्टी सहज घेऊ शकतील. अंत्यविधीच्या दिवशी मांडवात धावपळ करणाऱ्या भावाच्या हातातील काम कोणीतरी काढून घ्यावे आणि त्याला तासभर बसू द्यावे. बहिणीला महिन्याच्या मिस्सेपर्यंत माहेरी राहू द्यावे, किंवा सासरच्यांनी तिला मुद्दाम घेऊन यावे. मृत्युसूचनेत आणि मिस्सेच्या उद्देशात आईवडील, पत्नी व मुलांबरोबर भावंडांचीही नावे यावीत. दोन नोव्हेंबरला कबरांवर मेणबत्त्या लावताना, थोरल्या भावाने लावलेली मेणबत्ती कोणासाठी आहे, हे त्याच्या मुलांनी त्याला विचारावे, म्हणजे त्याला त्या भावाविषयी बोलता येईल.

निवृत्तीचे समाधान करा, ही नामदेवांची विनवणी सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. ती देवाला केलेली आहे, पण ऐकण्याचे काम आम्हां सर्वांचे आहे.